भिमाजीमामाची सफरचंदाची आवणी

आमच्या भिमाजीमामाला वेडा म्हणायचा हक्क फक्त आमच्या घरच्यांचा. दुसऱ्या कुणी म्हटलं तर मी अजूनही पदर खोचून उभी राहते, गुडघे कितीही कुरकुरोत. आणि लोक म्हणतातच. लोणावळ्यात जुनं माणूस भेटलं की हटकून विचारतं, "लीलाबाई, तो झाडांना दगड बांधणारा तुमचाच मामा ना?" हो, माझाच! माझ्या आईचा, कस्तुराबाईचा, सख्खा धाकटा भाऊ. पण दगड का बांधले आणि कुणापायी बांधले हे माहीत नसताना उगाच फिदीफिदी हसू नका. आधी ऐका, मग पोट धरून हसा. मीही हसते.

मामा मूळचा बेडशाचा. आजोबांची भातशेती होती, पण खाणारी तोंडं फार आणि खाचरं थोडी, म्हणून मामा लोणावळ्याला आला आणि तुंगार्लीत माधवरावांच्या बंगल्यावर माळीकामाला लागला. माधवराव पुण्याचे वकील. उन्हाळ्यात आणि दिवाळीत बिऱ्हाड घेऊन यायचे, एरवी बंगला मामाच्या हवाली. माझे वडील रेल्वेत सांधेवाले, म्हणून आम्ही स्टेशनाजवळच्या चाळीत राहायचो. मामा संध्याकाळी आमच्याकडे जेवायला. माणूस उंच, हाडापेराने दांडगा, आणि पस्तिशी उलटली तरी बिनलग्नाचा. आई रोज त्याला ताटावर बसवून लग्नाचं ऐकवायची आणि तो रोज आमटी भुरकत "बघू" म्हणायचा.

त्याचं ते 'बघू' कुठे बघतंय ते मला पक्कं ठाऊक होतं. मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची, डोळे काही मिटून ठेवले नव्हते. जेवायला येताना हा गडी सरळ चाळीकडे न येता आधी फलाटावर एक चक्कर मारायचा. तिथे नंदाबाई असायची.

नंदाबाई वळवणची. लहान वयात नवरा तापाने गेला, तेव्हापासून दिराच्या घरात, रखमाजीच्या, राहायची. डोक्यावर पाटी, पाटीत पानांचे द्रोण, द्रोणांत करवंदं नाहीतर जांभळं. गाडी थांबली की ती खिडकी-खिडकीशी अशी धावायची आणि असा आवाज लावायची की आतला डुलक्या घेणारा शेठ दचकून उठायचा आणि झोपेतच दोन द्रोण घ्यायचा. तिच्या पाटीवर रखमाजीचं अख्खं घर जेवायचं. रखमाजी स्वतः फलाटावरच्या बाकावर बसून विड्या फुंकायचा आणि गाडी हलली की हात पुढे करायचा. मला त्या माणसाचा अस्सा राग यायचा! आमच्यात विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न होतं, त्यात काही पाप नाही. पण सासरच्यांनी तिला मोकळं करावं लागतं. आणि बसल्या जागी आयतं मिळत असताना रखमाजी कशाला मोकळं करतोय?

आता सफरचंदांकडे येते. माधवरावांना एकदा कुणा मित्राने बंगळूरची सफरचंदं खाऊ घातली. झालं! "तिकडे होतात तर आमच्या लोणावळ्याला काय धाड भरलीय?" असं म्हणत त्यांनी थेट दहा डझन कलमं मागवली. मामाला सांगितलं, बंगल्यामागच्या उतारावर वीस-वीस फुटांवर एकेक खड्डा खण. मामाने इमानाने खड्डे खणले. कलमं यायची होती पावसाआधी, आली ऐन आषाढात, आणि तीही दोन खेपांत.

आषाढातला लोणावळ्याचा पाऊस म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. खड्डे काठोकाठ भरले आणि त्यांत बेडूक पोहायला लागले. निम्मी कलमं बंगल्यावर पोचलेली, निम्मी मालधक्क्यावर अडकलेली. ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या, सुतळीने बांधलेल्या जुड्या, धड पान नाही की फूट नाही, नुसत्या मुळं असलेल्या काड्या. मुळं सुकली तर सायबाला काय तोंड दाखवू, म्हणून मामाचा जीव खालीवर. त्या दिवशी गावात धोंडाबाईच्या खाचरावर इर्जीक होती, म्हणजे सगळ्यांनी मिळून तिच्या भाताची आवणी, रोपांची लावणी, करून द्यायची आणि तिने सगळ्यांना जेवू घालायचं. मामा बांधावर उभा राहून ओरडला, "धोंडामावशी, तुमचं उरकलं की माझीबी येवढी रोपं लावून टाका गं! मी धक्क्यावरनं बाकीची घिऊन येतो." आणि पळाला. कशी लावायची ते सांगितलंच नाही! असा हा आमचा शहाणा.

धोंडाबाई म्हणजे आवणीतली म्होरकी. तिच्यामागे गावच्या सगळ्या बायका डोक्यावर पानांची इरली घेऊन बंगल्यामागे आल्या. त्यांनी खड्डे बघितले, बेडूक बघितले. "ह्यात कोन रोप लावतं? बुडून मरंल की बिचारं," धोंडाबाई म्हणाली. मग तिने वरच्या अंगाचा, पाणी न ठरणारा एक तुकडा निवडला, लग्नाच्या मांडवाएवढा. जुड्या सोडल्या, बायका ओळीने वाकल्या, गाणं सुरू झालं, आणि आमच्या या माऊल्यांनी मागे मागे सरत, हात-हात अंतरावर, सफरचंदाची आवणी केली! "भातापरीस पातळच लावली हो मी," असं धोंडाबाई पुढे जन्मभर सांगायची, "काडी जाड व्हती म्हनून."

मामा दुसरी खेप घेऊन परत आला तेव्हा दिवस बुडत होता. समोर ओळीच्या ओळी, शिस्तीत उभ्या. माणसाने कपाळावर हात मारून घ्यावा की नाही? हा भाताच्या मुलखातला बाबा ते बघून हरखला. म्हणाला, "काय झ्याक आवणी झालीय!" आणि उरलेल्या जुड्याही त्यांच्याच हातात दिल्या. इकडे एवढा मोठा उतार बेडकांना आंदण, आणि दहाच्या दहा डझन झाडं एका मांडवात.

दिवाळीला माधवराव आले. चहाचा कप हातात घेऊन हौसेने बाग बघायला मागे गेले. मी आणि आई फराळाचं द्यायला तिथेच होतो.

"भिमाजी, हे काय आहे?"

"सफरचंद, सायेब."

"सगळी? इथे?"

"व्हय. येकबी वळ वाकडी न्हाई, बघा."

माधवरावांच्या हातातला कप बशीवर असा नाचायला लागला की चहा धोतरावर. "अरे गाढवा, वीस फूट सांगितलं होतं! वीस फूट! हे उपट सगळं, आत्ताच्या आत्ता उपट!" मामा तिथेच खाली बसला आणि हात जोडून म्हणाला, "सायेब, येकदा आवणी झाली की आमी रोप उपटत न्हाई. जगल्यात वो समदी. मारू नगासा." माधवरावांची बायको, वासंतीबाई, पायरीवर उभी होती. ती आधी पदर तोंडाला लावून हसली, मग पायरीवर बसून हसली, मग तिला ठसका लागला. तिला पाणी द्यायला माधवराव धावले आणि जाता जाता त्यांनाही हसू फुटलं. शेवटी डोळे पुसत म्हणाले, "बरं, राहू देत. अजून दोन पावसाळे बघतो. तिसरा लागायच्या आत एक तरी सफरचंद माझ्या डोळ्यांना दिसलं पाहिजे. नाहीतर सगळ्याचं सरपण करून पेरू लावायचे." मामाने मान डोलावली.

ही बातमी स्टेशनावर पोचायला कितीसा वेळ? हमाल, चिक्कीवाले, चहावाले, सगळे मामाला 'आवणीवाले' म्हणायला लागले. एकटी नंदाबाई त्याला 'माळीबुवा' म्हणायची. "काय माळीबुवा, सफरचंदाचा भात कवा शिजतोय?" असं ती विचारायची आणि मामा कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन घरी यायचा. एके दिवशी आईचा संयम सुटला. "तू बघत बस जन्मभर. मीच जाते विचारायला," असं म्हणून ती हातातलं पीठ तसंच घेऊन फलाटावर गेली. मी मागोमाग. मामा खांबाआड.

आईने रखमाजीला सरळच विचारलं, "नंदाबाईचा पाट माझ्या भावाशी लावून देता का?" रखमाजीने आधी विडीचा धूर सोडला, मग खोकेपर्यंत हसला. "त्या आवणीवाल्याशी? त्याच्या काड्यांस्नी सफरचंद लागू द्या, मी सोता पाट लावून देतो. ऐका रं हमालांनो, तुमी साक्षीला!" सगळा फलाट खदखदला. आईचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात नंदाबाईने पाटी खाली ठेवली. गाडी उभी असताना तिने पाटी खाली ठेवलेली त्याआधी कुणी पाहिली नव्हती.

"समद्यांनी ऐकलं न्हवं?" ती म्हणाली. "मग माझंबी ऐका. पयलं सफरचंद माझ्या पाटीत पडंल, त्या दिशी मी माळीबुवाच्या घरी. मग मला कुनी अडवायचं न्हाई." आणि खांबाकडे बघून म्हणाली, "आन खांबामागनं भायेर या. खांब तुमच्यापरीस बारीक हाय."

त्या रात्री मामा एवढा जेवला की आई भाकऱ्या थापून थापून दमली.

पण झाडांना कुठे कुणाच्या लग्नाची काळजी? एवढ्या दाटीत लावलेली, प्रत्येकाला ऊन हवं, मग निघाली सरळ वर. जत्रेत मागची माणसं टाचा उंचावून बघतात ना, तशी एकमेकांच्या डोक्यावरून बघायला लागली. पानं भरपूर, उंची भरपूर, फुलाचा पत्ता नाही. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. येणारेजाणारे विचारायचे, "भिमाजी, हे बांबूचं बन व्हय?" मामा झाडांशी बोलायला लागला. आधी गोडीने, मग दरडावून, मग पाया पडून. फलाटावर नंदाबाई रोज विचारायची, "आलं का?" आणि मामाने मान हलवली की मोठ्याने हसायची. पण मी बघितलंय ना, तो पाठमोरा झाला की तिचं हसणं तिथल्या तिथे थांबायचं. ती पाटी उचलायची आणि रखमाजीच्या मागे घरी निघायची. मला तेव्हा रडायला यायचं, खरंच सांगते.

दुसऱ्या पावसानंतरच्या दिवाळीत ती मामाला म्हणाली, "झाडं लय वर चाललीत म्हनं? मग पडवळागत दगूड बांधा की!" पडवळ वेटोळं होऊ नये म्हणून त्याच्या टोकाला दगड बांधतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पण कुठे पडवळ आणि कुठे सफरचंद! सगळे हसले. मामा हसला नाही. तो जागच्या जागी उभा राहून म्हणाला, "व्हय की!"

आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने दगड बांधायला घेतले. बंगल्याजवळच्या तळ्याकाठचे गोटे आणले. ते पुरेनात म्हणून फुटका वरवंटा, मोडक्या जात्याचा तुकडा, माधवरावांच्या बागेतल्या दगडी पऱ्यांपैकी एका परीचं पडलेलं डोकं, जे सापडेल ते. प्रत्येक फांदीच्या टोकाला सुतळी आणि सुतळीला वजन. आई शिव्या देत सुतळ्या तोडून द्यायची आणि मी गाठी मारायची. उभ्या फांद्या वाकून वाकून आडव्या झाल्या, एकमेकींत गुंतल्या, आणि वारा सुटला की सगळी बाग टकाटक टकाटक वाजायची. तळ्यावर फिरायला निघालेले पारशी थांबून बघायचे. कुणीतरी उठवलं की हा नवा देव आहे. एके सकाळी परीच्या डोक्याला हळदकुंकू लावलेलं आणि खाली नारळ फोडलेला! मामाने इकडेतिकडे बघितलं आणि खोबरं खाऊन टाकलं.

आता शिकलेली माणसं मला सांगतात की फांदी वाकवली की झाड उंच जायचं सोडतं आणि फुलावर येतं, आणि बाहेरदेशी तर सफरचंदं मुद्दामच अशी दाट लावतात. लावत असतील. आमच्यात ते कुणालाच ठाऊक नव्हतं, मामाला तर मुळीच नाही. त्याला पडवळ ठाऊक होतं आणि नंदाबाई ठाऊक होती.

माघात फुलं आली! पांढरी, कडेला गुलाबी, आडव्या फांद्यांना खालपासून वरपर्यंत चिकटलेली. मामा तुंगार्लीपासून स्टेशनापर्यंत अनवाणी पळत आला. मुंबईची गाडी फलाटाला लागलेली आणि हा गाडीच्या कडेने ओरडत चाललाय, "फूल आलं! फूल आलं!" एका बाईला वाटलं पूल पडला, ती सामानासकट खाली उतरली. नंदाबाई एका शेठला बोरं देत होती. तिने द्रोण त्याच्या मांडीवर पालथा केला आणि त्याच्याकडे न बघता मामाकडे बघत राहिली. रखमाजीची विडी तोंडातून गळून सदऱ्यावर पडली. सदरा जळला. बरं झालं!

फुलांमागून बोराएवढी फळं धरली, बोरांची लिंबं झाली, आणि मग वानरं आली. अगं बाई गं, ती वानरं! मामाने पत्र्याचा डबा बडवला, गोफण फिरवली, बाज आणून बागेत टाकली. शेवटी एकेका फळाला धोतराच्या चिंधीत बांधून ठेवलं. असं करता करता मामाच्या धोतराचा पंचा झाला. वानरांना तेवढंच बरं. चिंधी सोडायची, फळ काढायचं, एक चावा घेऊन फेकून द्यायचं, वर चिंधी गळ्यात घालून झाडावर बसायचं! वैशाख सरेपर्यंत सगळी बाग रिकामी झाली. एकच फळ राहिलं, पार आतल्या ओळीत, जिथे फांद्या आणि सुतळ्या आणि दगड यांचा असा गुंता झाला होता की वानराचा हात पोचेना.

ते एक फळ मामाने दिवसरात्र राखलं. माधवराव मंडळी उन्हाळ्यासाठी येऊन राहिली होती. तिसरा पाऊस दाराशी आलेला. एका दुपारी आभाळ भरून आलं, वारा घोंघावायला लागला आणि बागेतले सगळे दगड एकदम वाजायला लागले. आता नाही काढलं तर गळून पडणार. मामा सरपटत आत गेला आणि अंगभर ओरखडे घेऊन, दोन्ही हातांच्या ओंजळीत फळ धरून बाहेर आला. हिरवं, एका गालाला किंचित तांबूस, लहान मुलाच्या मुठीएवढं.

आई आणि मी मदतीला आलो होतो, धोंडाबाईही तिथेच होती. ती म्हणाली, "पयलं फळ वाघजाईला." माधवराव म्हणाले, "पहिलं फळ पुण्याला जाणार. मित्रांना दाखवतो, लोणावळ्यात सफरचंद होत नाही म्हणतात!" आणि त्यांनी हात पुढे केला. मामाने फळ छातीशी धरलं. म्हणाला, "सायेब, जागा तुमची, झाडं तुमची. माझा पगार देऊ नगा, उद्यापासनं कामावर ठिवू नगा. पन येवढं येक फळ मला द्या. ह्याच्यावर माझं लगीन हाय."

माधवरावांना यातलं काहीच माहीत नव्हतं. "लग्न? कुणाशी रे?" वासंतीबाईने विचारलं. आईने दोन वाक्यांत सगळं सांगितलं. वासंतीबाई ताडकन उठली. "टांगा जोडायला सांगा."

"अगं, पण माझे मित्र..."

"मित्रांना पेरू दाखवा!"

धोंडाबाईने पण माघार घेतली. "देवी काय उपाशी हाय व्हय? तिला आंबा दावू," म्हणाली आणि सगळ्यांच्या पुढे चालायला लागली.

मग जी वरात निघाली! पुढे धोंडाबाई आणि तिच्या आवणीच्या बायका गात चाललेल्या. मागे टांगा, टांग्यात मामा, मामाच्या मांडीवर पितळी ताट, ताटात वासंतीबाईचा रेशमी रुमाल, रुमालावर ते सफरचंद. शेजारी माधवराव, स्वतः भिजत, सफरचंदावर छत्री धरून! बाजारातून जाताना कुणीतरी हलगी वाजवायला लागलं. कुणाचं लग्न आहे ते विचारल्यावर आम्ही ताटाकडे बोट दाखवायचो. मी तर हसून हसून दोनदा चिखलात बसले.

फलाटावर पुण्याची गाडी उभी होती. नंदाबाईने वाजंत्री ऐकून मागे बघितलं. मामा तिच्यासमोर गेला आणि ते सफरचंद तिच्या पाटीत, जांभळांवर ठेवलं. जो गलका झाला म्हणता! गाडीतले उतारू खिडकीतून अर्धे बाहेर. आणि मग रखमाजी बाकावरून उठला.

"थांबा," तो म्हणाला. "हे सफरचंद कशावरनं? हिरवंगार तर हाय. सफरचंद गोड असतंया. रानातलं कायबी आनून टाकाल आन आमी माणूस देऊ व्हय?"

माधवराव टोपी सावरत पुढे आले. "बोलीत गोडाचा उल्लेख नव्हता! साक्षीदार आहेत!" पण रखमाजी बेरकी. तो शांतपणे म्हणाला, "मग नंदीलाच खाऊ द्या. ती सांगंल ते खरं. गोड म्हनली तर जावं तिनं, आंबट म्हनली तर बोली मोडली. नंदी फळाबाबत खोटं बोलत न्हाई, ह्या समद्या फलाटाला ठावं हाय."

आणि ते खरं होतं. जांभूळ तुरट असलं तर नंदाबाई गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची, "तुरट हायेत, नगा घिऊ." त्यामुळेच लोक तिच्याकडून घ्यायचे. हमालांनी माना डोलावल्या. मामाचा चेहरा उतरला. मी नंदाबाईच्या अगदी जवळ उभी होते. तिने सफरचंद पदराला पुसलं आणि कडकन चावा घेतला. मी तिच्या डोळ्यांकडे टक लावून बघत होते. पापणीसुद्धा हलली नाही. तिने सावकाश चावलं, गिळलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गोड हाय."

"दे बघू मला," रखमाजी म्हणाला.

"ते माझ्या पाटीत पडलंय. माझं हाय. कुनाला मिळनार न्हाई." दुसरा चावा. तिसरा. माधवरावांनी "जरा चव बघू" म्हणून बोटं पुढे केली, तिने त्यांचा हात बाजूला सारला. मामाने आशेने बघितलं, त्यालाही तुकडा नाही. उभ्या उभ्या तिने अख्खं फळ खाल्लं, आतला गाभा खाल्ला, बिया खाल्ल्या. मग पाटी उचलून रखमाजीच्या पायाशी ठेवली. "ही घ्या, भावजी. आता तुमी इका." इंजिनाने शिट्टी दिली आणि सगळा फलाट ओरडला. रखमाजी पाटीकडे बघत उभा राहिला.

परतताना पावसाचा जोर वाढला. वरात पांगली, टांगा मंडळींना घेऊन पुढे गेला. तळ्याच्या वाटेला आम्ही चौघंच उरलो, मामा, नंदाबाई, आई आणि मी. वळण आलं तशी नंदाबाई एका दगडावर मटकन बसली. पदर तोंडाशी धरलेला, डोळ्यांतून घळाघळा पाणी. मामा घाबरला. "काय झालं? कुनी काय बोललं का?"

तिने मान हलवली. मग त्याच्याकडे वर बघून म्हणाली, "अवं, पानी द्या आदी. दात आंबलं माझं."

मामा उभाच. तोवर ती त्याला माळीबुवा म्हणत आली होती. बायको नवऱ्याला हाक मारते तसं 'अवं' त्याने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मग कुठे बाकीचं त्याच्या डोक्यात शिरलं. "गोड हाय म्हनलीस की!"

"मग काय म्हनू? चिंच परवडली ती. जलमात येकदा फळाबद्दल खोटं बोलले." आणि ती रडता रडता हसायला लागली, आई हसायला लागली, आणि मामा तळ्याकडे पळाला. डोक्याचं पागोटं भिजवून पाणी आणत होता खुळा, सगळं वाटेत गळून जात होतं.

दुसऱ्याच दिवशी पाट लागला, तेव्हा आईने पुरणपोळ्या केल्या. नंदामामीला एक घास चावता येईना. दोन-तीन दिवस ती भाकरी दुधात कुस्करून खात होती, आणि कुणी विचारलं तर दाढ दुखते म्हणून सांगत होती. भाकरी मामा कुस्करून द्यायचा.